एक कोटी साठ लाखांत एक

कुठल्याही कंपनीत क्वालिटीचं ट्रेनिंग असू द्या, दुपारच्या जेवणानंतर एक स्लाइड हमखास येते. पांढरी टोपी घातलेला माणूस, डोक्यावर लांबलचक लाकडी पाटी, पाटीत पस्तीस-चाळीस डबे. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असतं: १ कोटी ६० लाख डब्यांमागे फक्त १ चूक. सिक्स सिग्मा. 'फोर्ब्ज'चं प्रमाणपत्र. पेंगणारी मंडळी जरा सावरून बसतात, कोणीतरी "क्या बात है" म्हणतं आणि ट्रेनर पुढच्या स्लाइडवर जातो. मी तरी ही स्लाइड आत्तापर्यंत तीन कंपन्यांत पाहिली आहे. तुम्हीही पाहिली असणारच.

हा आकडा आला कुठून, तो मोजला कोणी, आणि कॉलेजांच्या हॉलमधून तो जगभर पसरला कसा, ही आजची गोष्ट.

विषय डोक्यात यायला निमित्त झालं ते एका आमंत्रणाचं. मुलुंडच्या एका कॉलेजात बीएमएसच्या मुलांसमोर 'प्रत्यक्षातलं मार्केटिंग' या विषयावर तासभर बोलाल का, अशी तिथल्या मॅडमकडून विचारणा झाली. मी पडलो कोड लिहिणारा माणूस. मार्केटिंगशी माझा संबंध एवढाच की विक्रीवाले गिऱ्हाईकाला जे कबूल करून येतात ते आम्हाला रात्री जागून बनवावं लागतं. :-) पण मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातलं आम्ही शिकवतोच, तुम्ही बाहेरचं काहीतरी सांगा." मग मी विचार करायला लागलो, की पुस्तकाबाहेरचं सांगून मुंबईत कॉलेजच्या पोरांना कोणी सगळ्यात जास्त गुंगवून ठेवलंय? उत्तर लगेच मिळालं. कुठल्या सीईओने नाही, जाहिरात कंपनीतल्या कुठल्या गुरूनेही नाही. डबेवाल्यांनी!

म्हणून आधी थोडा इतिहास.

डबेवाले आपली सुरुवात १८९० पासून सांगतात. महादू हावजी बच्चे नावाच्या गृहस्थांनी त्या वर्षी शंभरेक माणसं हाताशी घेऊन हे काम सुरू केलं, असं संघटनेत सांगितलं जातं. माणसं आली ती मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातून. बहुतेक वारकरी, बहुतेक एकमेकांच्या नात्यातली किंवा शेजारच्या गावातली. १९५६ मध्ये त्यांचा 'नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स' या नावाने ट्रस्ट नोंदला गेला.

पण नुसती माणसं असून धंदा होत नाही, गिऱ्हाईक लागतं. ते मिळवून दिलं लोकलने आणि उपनगरांनी. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावायला लागली. पुढे शहर उत्तरेकडे सरकत गेलं. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढून अंधेरी, घाटकोपर आत आले आणि १९५७ मध्ये ती हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. राहायला बोरिवली, नोकरीला फोर्ट, हा मुंबईकराचा दिनक्रम पक्का झाला. साडेआठ-नऊला ऑफिस गाठायचं तर सातला घर सोडायला हवं, आणि सातला पोळी-भाजी तयार नसते. तयार असली तरी त्या गर्दीत डबा सांभाळत चर्चगेट गाठणं म्हणजे सर्कस. हॉटेलात रोज जेवणं खिशाला परवडायचं नाही. शिवाय पथ्यंही वेगवेगळी: घाटकोपर-मुलुंडचं जैन कुटुंब, पार्ल्याचं शाकाहारी घर, माशाशिवाय घास न उतरणारा मालवणी माणूस. या सगळ्यांना आपापल्या घरचंच जेवण हवं होतं, आणि तेही गरम.

डबेवाल्यांनी ओळखली ती ही गरज. अमेरिकेत थिओडोर लेविट यांनी १९६० मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. त्यातला मुद्दा असा की रेल्वे कंपन्या स्वतःला 'रेल्वेवाले' समजत राहिल्या, 'वाहतूकवाले' समजल्या नाहीत, म्हणून मागे पडल्या. आपण नक्की काय विकतोय हे ज्याला कळलं तो टिकला. डबेवाले जेवण विकत नव्हते, ते स्वयंपाकघराच्या भानगडीत पडत नव्हते. ते 'घरचं' हा शब्द तीस-चाळीस किलोमीटर वाहून नेत होते. लेविटसाहेबांचा लेख येण्याच्या कितीतरी आधीपासून.

आता पद्धत. सकाळी नऊ-साडेनऊला एक माणूस सायकलवर किंवा पायी येऊन ठरलेल्या घरांतून डबे उचलतो. स्टेशनवर सगळे जमतात, जाण्याच्या ठिकाणाप्रमाणे डबे वेगळे होतात, पाट्या भरतात आणि लोकलच्या सामानाच्या डब्यात चढतात. साठ-सत्तर किलोची पाटी डोक्यावर घेऊन! वाटेत पुन्हा वाटणी, उतरल्यावर पुन्हा वाटणी, मग हातगाडी किंवा सायकल, आणि साडेबाराच्या आसपास डबा टेबलावर. जेवणं झाली की तोच प्रवास उलटा. एक डबा तीन-चार हातांतून जातो, आणि त्यातल्या बहुतेक हातांना गिऱ्हाईकाचं नाव माहीत नसतं. माहीत असते ती झाकणावरची खूण.

पूर्वी ही खूण म्हणजे रंगीत दोरे, चिंध्या. नंतर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे आले. बऱ्याच ठिकाणी छापून आलेलं एक उदाहरण बघा. झाकणावर कडेला 'व्हीएलपी', म्हणजे डबा निघाला विले पार्ल्याहून. 'ई' ही पार्ल्यात डबा उचलणाऱ्याची खूण. मध्ये मोठा '३', म्हणजे उतरायचं चर्चगेटला. आणि '९ ईएक्स १२', म्हणजे तिकडचा नऊ नंबरचा माणूस, एक्स्प्रेस टॉवर्स, बारावा मजला. संपलं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे राउटिंग आहे. पाकिटाच्या डोक्यावर पत्ता असतो, मधल्या प्रत्येक टप्प्याला पत्त्यातला आपल्यापुरता तुकडा वाचता आला की काम भागतं. मधल्या माणसाला फक्त तो मोठा ३ वाचायचा आहे. म्हणून अक्षरओळख जेमतेम असलेला माणूसही ते चालवू शकतो, आणि एक जण आजारी पडला तरी त्याच्या गटातला दुसरा ते उचलू शकतो.

गट हा या व्यवस्थेचा कणा. वीस-पंचवीस जणांचा गट, त्यावर मुकादम. गटातली माणसं पगारी नोकर नसून भागीदार. नवा माणूस आधी उमेदवारी करतो, मग पैसे भरून आत येतो. टोपी घातली नाही तर दंड. आणि एक गोष्ट मला फार आवडते: एखाद्या घरून डबा रोज उशिरा मिळायला लागला तर ते गिऱ्हाईक सोडून देतात. कारण दारात थांबायला मिनिटभरच असतं. एका डब्यासाठी लोकल चुकली तर चाळीस जण उपाशी राहतात. घाटकोपरला माझी काकू वीसेक वर्षं काकांचा डबा देत होती. ती सांगते, "मामा यायच्या आधी झाकण लागलेलं असायचं. काका एकवेळ थांबायचे, मामा थांबायचे नाहीत." मार्केटिंगमध्ये गिऱ्हाईक हा राजा असं शिकवतात. इथे राजालासुद्धा नऊ-दहाची वेळ पाळायला लागायची.

हे सगळं शंभर वर्षं मुंबईत चालू होतं आणि मुंबईबाहेर फारसं कोणाला त्याचं काही नव्हतं. मग आलं १९९८.

अमेरिकेतल्या 'फोर्ब्ज' मासिकाचे पत्रकार सुब्रत चक्रवर्ती यांनी ऑगस्ट १९९८ मध्ये डबेवाल्यांवर लेख लिहिला. या लेखाची पुढे जी दंतकथा झाली, तिच्याबद्दल चक्रवर्तींनीच नंतर सविस्तर खुलासा केला आहे. त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं होतं की चुका किती होतात? उत्तर मिळालं ते अशा अर्थाचं: जवळपास नाहीच, दोनेक महिन्यांत एखादी, त्याहून जास्त झाल्या तर गिऱ्हाईक माफ करणार नाही. चक्रवर्तींनी गणित मांडलं. रोजचे पावणेदोन लाखांच्या आसपास डबे, दोन महिन्यांचे कामाचे दिवस. झाले ८० लाख फेऱ्या. डबा घरी परतही येतो, म्हणजे दुप्पट. १ कोटी ६० लाखांत १.

आकडा असा जन्माला आला. तो मोजून आलेला नाही, विचारून आलेला आहे. एका माणसाने अंदाज सांगितला, दुसऱ्याने गुणाकार केला.

मग 'सिक्स सिग्मा' कुठून आलं? चक्रवर्तींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या लेखात तो शब्दच नव्हता आणि 'फोर्ब्ज'ने कुणाला कसलं प्रमाणपत्र दिलेलं नाही. त्यांच्या कानावर आलं ते असं. २००२ मध्ये एका परिषदेत एका पत्रकाराने संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? ते म्हणाले, ते काय असतं मला माहीत नाही. मग त्यांना चुकांचं प्रमाण समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, असं असेल तर आम्ही आहोत, 'फोर्ब्ज'ला विचारा. पत्रकाराने मूळ लेख न वाचताच लिहून टाकलं की 'फोर्ब्ज'ने सिक्स सिग्मा दिलं. त्यावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने.

आता सिक्स सिग्मा म्हणजे नक्की काय, तेही बघू. १९८६ च्या सुमारास मोटोरोला कंपनीत ही पद्धत सुरू झाली. चलनातला आकडा असा की दहा लाख संधींमागे ३.४ चुका. त्या हिशेबाने १ कोटी ६० लाखांत एक म्हणजे मोटोरोलाच्या ध्येयापेक्षा पन्नास पटींहून चांगलं काम! पण सिक्स सिग्मा हा मुळात आकडा नाही, ती पद्धत आहे, आणि तिची एक मुख्य पायरी आहे 'मोजा'. प्रत्येक चूक नोंदायची, वर्गवारी करायची, कारण शोधायचं. डबेवाल्यांच्या त्या आकड्यामागे अशी नोंदवही नव्हती.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे चटकन कळेल. बग रिपोर्ट आला नाही म्हणजे बग नाही असं होत नाही. डबा अर्धा तास उशिरा आला ही चूक धरायची का? भलत्या मजल्यावर जाऊन पाच मिनिटांत परत आला, ती? डबा बदलला आणि माणसाने मुकाट्याने जेवून घेतलं, ती? व्याख्याच ठरलेली नसेल तर दोन महिन्यांत एक काय आणि दिवसाला दहा काय, दोन्ही खरं ठरू शकतं.

यातून डबेवाले चांगलं काम करत नव्हते असा अर्थ कृपया काढू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर केस लिहिली आणि २०१२ मध्ये त्यावर लेख. त्यात साधारण ५,००० डबेवाले, १ लाख ३० हजारांहून जास्त डबे आणि येऊन-जाऊन रोजचे २ लाख ६० हजार व्यवहार असा हिशेब आहे. (पावणेदोन लाख, दोन लाख, एक लाख तीस हजार... डब्यांच्या संख्येवरही एकमत नाही, तर चुकांच्या संख्येवर कुठून होणार!) पण थॉम्के यांचा भर वेगळ्या गोष्टींवर होता: संघटना कशी बांधली आहे, माणसं कशी निवडतात, कामाची पद्धत किती सोपी ठेवली आहे आणि माणसं एकमेकांना कशी धरून आहेत. म्हणजे वर मी गट, टोपी, खूण आणि मिनिटभराची वेळ असं जे सांगितलं, ते.

पण हॉलमध्ये टाळ्या पडतात त्या आकड्याला.

२००२ नंतरची काही वर्षं हा डबेवाल्यांच्या लेक्चरांचा सुवर्णकाळ म्हणायला हरकत नाही. ४ नोव्हेंबर २००३ ला तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटायला आले, आणि भेटीची वेळ ठरली ती डबेवाल्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे. एप्रिल २००५ मध्ये चार्ल्स यांच्या लग्नाला रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे लंडनला गेले. त्याच वर्षी व्हर्जिनचे रिचर्ड ब्रॅन्सन मुंबईत डबेवाल्यांबरोबर लोकलने फिरले. अध्यक्ष मेदगे आणि सचिव गंगाराम तळेकर यांना आयआयएमसारख्या संस्थांतून, उद्योगांच्या परिषदांतून बोलावणी येऊ लागली. २००८ मध्ये 'इकॉनॉमिस्ट'ने या सगळ्या भक्तीवरच एक लेख केला.

जरा चित्र डोळ्यांसमोर आणा. लाख-लाख रुपये फी भरून आलेली पोरं, एसी हॉल, प्रोजेक्टर. समोर पांढरी टोपी घातलेला मावळातला माणूस, सरळ साध्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगतोय की वेळ पाळायची, खोटं बोलायचं नाही, अन्न पोचवणं ही विठ्ठलाची सेवा. हातात एक खराखुरा डबा. झाकणावरची खूण तो उलगडून दाखवतो आणि हॉल गप्प होतो. गेस्ट लेक्चर कसं द्यावं याचा हा नमुनाच आहे. वस्तू हातात असावी, स्वतः रोज करतो तेच सांगावं, आणि ऐकणाऱ्याला कोडं सोडवल्याचा आनंद मिळावा. सल्ला देणारी माणसं ढिगाने असतात. सकाळी साठ किलो उचलून आलेला माणूस स्टेजवर क्वचितच येतो.

मात्र आकडा एवढा का चालला, याचा विचार केला की जरा अस्वस्थ व्हायला होतं. तो नेमका वाटतो, त्यावर परदेशी शिक्का आहे, आणि त्यात धक्का आहे: अडाणी माणसं मोटोरोलाला भारी! त्या धक्क्यात आपला एक समजही लपलेला आहे, की हुशारी म्हणजे डिग्री. ज्याला डिग्री नाही त्याने नीट काम केलं तर तो चमत्कार. चमत्कार म्हटला की त्यामागचं काम बघावं लागत नाही, त्याची मजुरी विचारावी लागत नाही. टाळ्या वाजवल्या की झालं.

आणि त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांनी पुढे नोकरी लागल्यावर डबा लावला?

मार्केटिंगमध्ये मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले चार 'पी' शिकवतात: वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. प्रसिद्धीत डबेवाले पहिले आले. एक पैसा खर्च न करता. किंमतही वाजवी होती, २००० च्या दशकात महिन्याला साधारण तीनशे-चारशे रुपये. पण 'ठिकाण' त्यांच्या पायाखालून सरकत होतं. त्यांचा सगळा धंदा उभा होता 'घर उत्तरेला, ऑफिस दक्षिणेला' यावर. अंधेरीत सीप्झ १९७३ मध्येच सुरू झालं होतं. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, मालाडचं माइंडस्पेस उभं राहिलं. फोर्टातली टेबलं उठून उपनगरात आली. आमच्यासारख्यांची ऑफिसं अंधेरी पूर्वेला, जिथे तळमजल्यावर कॅफेटेरिया असतो आणि जेवणाची कूपनं पगारातच येतात. घरात दोघंही नोकरीला, सकाळी दहाला दाराशी डबा द्यायला कोणी नाही. मग २०१० नंतरच्या दशकात फोनवरून जेवण मागवणं आलं. काकूसारखं गिऱ्हाईक हळूहळू कमी होत होतं, तेव्हा डबेवाल्यांची कीर्ती मात्र वाढत होती. २०१३ मध्ये 'द लंचबॉक्स' सिनेमा आला. गंमत म्हणजे त्याची सगळी गोष्टच रोज चुकीच्या टेबलावर जाणाऱ्या एका डब्यावर उभी आहे.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, ऑफिसं बंद झाली. डबे एका दिवसात शून्यावर आले. बरेच डबेवाले गावाला परतले, कोणी शेतीकडे वळलं, कोणी वॉचमनची नोकरी धरली. ऑक्टोबर २०२० च्या सुमारास त्यांना लोकलने जायची परवानगी मिळाली, पण डबा न्यायचा कुणाकडे? माणसं घरूनच काम करत होती. घरचं जेवण घरीच. गाड्या सर्वांसाठी सुरू झाल्यावरही सगळे परतले नाहीत, पाच हजारांच्या जागी आकडा निम्म्याहूनही खाली आला. प्रिन्सची भेट, हार्वर्डची केस, शेकडो हॉलमधल्या टाळ्या, यातलं काहीच एक डबा परत आणू शकलं नाही.

तर मुलुंडला मी हे सगळं सांगायचं ठरवलं. स्लाइड एकही नेली नाही. स्टीलचे आठ डबे नेले आणि त्यांच्या झाकणांवर ऑइल पेंटने खुणा काढून नेल्या. वर्गातल्या पाच रांगांना पाच स्टेशनं केलं: बोरिवली, अंधेरी, दादर, चर्चगेट आणि एक नुसतीच लोकल. बोलायचं नाही, फक्त खूण वाचून डबा पुढे द्यायचा. पहिल्या फेरीत आठापैकी तीन डबे भलतीकडे गेले. दुसऱ्या फेरीत एक. तिसरीत सगळे बरोबर. पोरं खूष.

मग मी विचारलं, "आत्तापर्यंत आपल्याकडून चुका किती झाल्या?"

"चार," पुढच्या बाकावरून आवाज आला.

मागून एक जण म्हणाला, "सर, पाच. दुसऱ्या फेरीत आमच्याकडे चुकीचा डबा आला होता, आम्ही गपचूप बदलला."

याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला वर्षभर शोधून मिळालं नसतं. त्या पोराला मी स्टेजवर बोलावलं आणि फोर्ब्जच्या आकड्याची जन्मकथा त्याच्याकडे बघत सांगितली. वर्गाला वेगळं काही समजावून द्यावं लागलं नाही.

शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, पण त्या आकड्यामुळेच ना ते जगाला कळले? मग तो सांगायचा की नाही?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, संघटनेच्या प्रमुखांना एका पत्रकाराने प्रश्न विचारला, त्यांनी प्रामाणिकपणे अंदाज सांगितला. त्यात त्यांनी काही फसवलं नाही. शिकल्यासवरल्या लोकांनी तो न तपासता फिरवला. तुम्ही उद्या मार्केटिंगमध्ये जाल, तुमच्या हातात असे आकडे रोज येतील. गोष्ट जरूर सांगा, पण आकडा आला की तीन गोष्टी विचारा: कोणी मोजला, चूक कशाला म्हटलं, आणि हा आकडा ऐकून गिऱ्हाईक वाढलं का? डबेवाल्यांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कडू आहे. आकड्याने त्यांना श्रोते मिळवून दिले. गिऱ्हाईक त्यांना कायम मिळालं ते शेजारणीकडून. एका जिन्यावर एक डबा जायला लागला की पुढच्या वर्षी तीन जायचे. ते जिने रिकामे होत होते तेव्हा त्यावर कोणी केस लिहिली नाही.

"मग आता काय करायचं त्यांनी?" तिने पुन्हा विचारलं. ती काही सोडणारी नव्हती. :-)

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, तसं मी सांगितलंही. पण सुरुवात कुठून करावी ते सांगता आलं. ज्यांनी डबा बंद केला त्यांना जाऊन विचारायचं, कधी केला आणि का केला. कोणी म्हणेल ऑफिस बदललं, कोणी म्हणेल सासूबाई थकल्या, कोणी म्हणेल सून नोकरी करते, कोणी म्हणेल आठवड्यातले दोनच दिवस ऑफिस असतं आणि पैसे पूर्ण महिन्याचे पडतात. यातल्या शेवटच्या उत्तरावर उपाय आहे, पहिल्यावर कदाचित नाही. पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही. मॅडमनी तिथल्या तिथे त्याचा प्रोजेक्ट करून टाकला: प्रत्येकाने आपल्या सोसायटीतल्या पाच घरांत विचारून यायचं.

ते कागद अजून माझ्यापर्यंत आलेले नाहीत. तोवर तुम्हीही हे करू शकता. घरात आई, काकू, आजी कोणी असेल तर त्यांना विचारा, आपल्याकडचा डबा कधी बंद झाला आणि मामांना ते कसं सांगितलं. माझ्या काकूला मी परवा फोनवर विचारलं. ती म्हणाली, "काका रिटायर झाले त्या महिन्यात. शेवटच्या दिवशी मामांना चहाला थांबा म्हटलं, तर म्हणाले, वहिनी, गाडी चुकेल." 

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.